टेकडीच्या केंद्रातलं हजेरीचं मशीन

१

भिंतीवर चार स्क्रू होते, दोन वायरी लोंबत होत्या आणि मधे एक चौकोनी पांढरा डाग होता. हजेरीचं मशीन मात्र गेलेलं होतं.

घरातला देव चोरीला जावा तसा चेहरा करून वीरधवल साळुंखे त्या डागाकडं बघत उभा होता. देवकुळी नगरपालिकेच्या टेकडीवरच्या युवा केंद्राचा तो प्रमुख. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, आवाज असा की टेकडीखालच्या माणसानंही सावधान उभं राहावं. 

त्याच वेळी संयोगिता घोरपडे फाटकातून आत आली. ती साताऱ्याची. गावोगावच्या नगरपालिका तरुण पोरापोरींसाठी जी केंद्रं चालवतात, त्यांचं काम तपासायचं आणि गुण द्यायचे, हे तिचं काम. देवकुळीत अशी दोन केंद्रं होती. एक हे टेकडीवरचं. नवी इमारत, लाल मुरमाचं मैदान, पोलीस आणि सैन्यभरतीचा सराव. दुसरं खाली नदीच्या घाटावरचं. दोन खोल्या आणि चार सतरंज्या. दोन्ही चालवणं पालिकेला आता झेपत नव्हतं. ज्याचे गुण कमी त्याला कुलूप, आणि त्याचा निकाल आज दुपारच्या सभेत. गुणांमधला सगळ्यात मोठा वाटा हजेरीला होता.

काल संध्याकाळी याच मैदानावर, सरावाच्या पोरांसमोर तिनं वीरधवलला सांगितलं होतं की छापील कागद मला नकोत. उद्या सकाळी मी थेट मशीनमधूनच हजेरी काढून घेईन. मशीन इंटरनेटला जोडलेलं नव्हतं. जे काही होतं ते त्याच्या पोटात, आणि ते पोटासकट गेलं होतं.

खरं तर तिला काळजी वाटायला हवी होती. पण तिच्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच कारणानं. इतकी वर्षं ती खुर्च्या, कॅरम आणि सह्या मोजत फिरत होती. मोजणं कुणाला इतकं झोंबलंय की त्यानं मापच पळवून न्यावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

"कुणी नेलं ते मला माहीत आहे," वीरधवल एकदम म्हणाला. "घाटावरच्या प्रशांत कांबळेनं. आज सकाळी तो इथं येऊन गेलाय."

२

केंद्राचा पहारेकरी जोतिबा तोफखान्यातून निवृत्त झालेला. तोफांनी त्याचे कान अर्धे नेले होते, त्यामुळं संयोगिताला प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागला. त्यानं सांगितलं ते असं. उजाडताना त्यानं दार उघडलं. सरावाची पोरं एकेक करून आत गेली, अंगठा देऊन बाहेर आली आणि मैदानावर पळाली. मग दार तसंच ठेवून तो मागं मैदानाला पाणी मारायला गेला. पोरं सराव आटपून गेली, तो परत पुढं आला, तर साळुंखेसाहेब भिंतीसमोर उभे.

"पोरांनी अंगठे दिले, हे नक्की?" तिनं कानाशी जाऊन विचारलं.

"आवं व्हय की. मी दारातच व्हतो. समदी आत गेली, समदी भायेर आली. म्हंजे तवा मशीन जाग्यावर व्हतं. न्हाईतर पोरं वरडली नसती व्हय?"

बोलणं बिनतोड होतं. पोरांच्या हजेरीवेळी मशीन होतं आणि वीरधवल आला तेव्हा नव्हतं. त्या मधल्या वेळात आत कोण गेलं? कुंपणाला लागून चहाची गाडी लावणाऱ्या भामाबाईनं एकालाच जाताना पाहिलं होतं. प्रशांत कांबळे आला, आत डोकावला, थोड्या वेळानं खाली मान घालून निघून गेला. खांद्याला पिशवी होती.

एवढ्यात पालिकेच्या समितीचे सभापती दादासो आले. घाटावरच्या केंद्राच्या जागेवर त्यांचा किती दिवसांपासून डोळा आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत असे. त्यांनी उभ्या उभ्याच निकाल लावला. प्रशांतला सभेतच निलंबित करायचं, सभेनंतर पोलिसांत द्यायचं आणि घाटाला आजच कुलूप घालायचं.

"मॅडम, तुम्ही गुण द्या," ते म्हणाले. "चोराचं आम्ही बघतो."

 संयोगिता वायरींकडं बघत होती. दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळली होती, तीही घाईनं नव्हे. प्रत्येक टेपचं शेवटचं टोक दुमडून छोटा कान काढला होता, म्हणजे पुढच्या माणसाला ती सहज सोडवता यावी. स्क्रूही चारही पुन्हा आपापल्या भोकात बसवलेले. पळ काढणारा चोर असं करत बसत नाही. आपल्यामागून इथं पोरं येणार, कुणाचा तरी हात वायरीला लागणार, याची ज्याला काळजी आहे तोच करतो.

तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि मैदानावर चक्कर मारली. लाल मुरमावर बुटांचे ठसेच ठसे होते. उडीच्या खड्ड्यातली वाळू तेवढी सपाट, जशी कुणी हातानं सारवली असावी. काल पोरं उडीच्या पाळीवरून भांडत होती, आज एकानंही उडी मारली नाही, म्हणून जोतिबा कुरकुरत होता.

"सभेपर्यंत थांबा," ती दादासोंना म्हणाली, आणि फाटकाबाहेर जाऊन तिनं रिक्षाला हात केला.

३

घाटाकडं उतरताना लाल मुरूम संपतो आणि नदीकाठची काळी माती सुरू होते. केंद्राच्या पायरीवर प्रशांत कांबळे एका मुलाशी हळू आवाजात बोलत बसला होता. मुलगा भरतीत धावण्यात नापास झाला होता, घरी तोंड दाखवायला तयार नव्हता. संयोगिता जवळ आली तरी प्रशांतनं बोलणं मधेच तोडलं नाही. मुलगा डोळे पुसून आत गेल्यावरच तो उठला.

प्रशांतचे वडील माधवनगरच्या कापड गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडल्यावर घर कसं विस्कटतं हे त्यानं पाहिलं होतं, आणि म्हणूनच बहुतेक तो या दोन खोल्यांना चिकटून राहिला होता. केंद्र बंद झालं तर त्याची नोकरीही जाणार होती. त्याच्याकडं कारण होतं, संधी होती, खांद्याला पिशवी होती.

तिनं सरळच विचारलं. हो, तो सकाळी टेकडीवर गेला होता. वीरधवलला भेटायला. तो अजून आला नव्हता म्हणून परत फिरला. कशासाठी भेटायचं होतं?

"ते मी सांगणार नाही," तो म्हणाला. "पण मशीनला मी हात लावलेला नाही. मशीन गेलंय हेसुद्धा आत्ता तुमच्याकडून कळतंय."

तिला ते पटलं. पटलं म्हणूनच तिनं मोबाइल पुढं केला आणि वायरींचा फोटो दाखवला.

प्रशांतनं फोटो पाहिला. बोटांनी मोठा करून पुन्हा पाहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्यानं मोबाइल परत दिला, एकदा मागं बंद दाराकडं पाहिलं आणि ताठ उभा राहिला.

"लिहून घ्या, मॅडम," तो म्हणाला. "मशीन मीच नेलं."

४

 एका क्षणात या माणसानं आपली मान स्वतःहून सुळावर दिली होती, आणि तीही एक फोटो बघून.

तिनं विचारलं, कसं काढलं? तो म्हणाला, ओढून, हिसका देऊन. मग कुठं ठेवलं? नदीत टाकलं.  हिसका देऊन काढलेल्या मशीनचे चारही स्क्रू परत भिंतीत कसे बसले, हे विचारायची तिला गरजच वाटली नाही. तो खोटं बोलत होता आणि त्याला खोटं बोलायची सवयही नव्हती. फोटोत त्यानं कुणाचा तरी हात ओळखला होता.

"मला केंद्र तपासायचं आहे," ती म्हणाली. "तो माझा अधिकार आहे." आणि त्यानं अडवायच्या आत तिनं दार ढकललं.

दाराच्या आत बुटांचा ढीग होता. बाहेर चहूकडं काळी माती, आणि या प्रत्येक बुटाच्या तळाला लाल मुरूम. तिनं वर पाहिलं. सतरंज्यांवर खच्चून पोरं बसलेली. कुणी गणितं सोडवत होतं, दोघी-तिघी एकमेकींची मुलाखत घेत होत्या, कोपऱ्यात तो नापास झालेला मुलगा आता हसत होता. यातले कितीतरी चेहरे तिनं काल पाहिले होते, पण इथं नव्हे, टेकडीच्या मैदानावर. पुढं बसलेली साक्षी नावाची मुलगी तर काल शर्यतीत पहिली आली होती.

पोरं अंगठा द्यायची तिकडं आणि बसायची इकडं.

मग तिचं लक्ष पंख्याच्या बटणाकडं गेलं. जुनी वायर बाहेर आली होती आणि तिला काळी टेप गुंडाळली होती. टेपचं टोक दुमडून छोटा कान काढला होता.

"पंखा कुणी दुरुस्त केला?" तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

 सगळ्यांच्या नजरा आयटीआयचा निळा शर्ट घातलेल्या एका मुलाकडं गेल्या आणि तशाच घाईनं परत फिरल्या. त्याच्या खिशावर नाव होतं शिवतेज.

म्हणजे हात सापडला होता. पण गाठ सुटण्याऐवजी आणखी आवळली. जोतिबाच्या सांगण्याप्रमाणं पोरांनी अंगठे दिले तेव्हा मशीन जाग्यावर होतं. त्यानंतर शिवतेज सगळ्यांबरोबर मैदानावर पळत होता आणि तिथूनच थेट इकडं आला होता. मधल्या वेळात आत गेला तो एकटा प्रशांत. आणि सभा भरायला आता फार वेळ उरला नव्हता.

५

ती पुन्हा टेकडीवर आली ती जवळजवळ पळतच. कुठंतरी कुणीतरी चुकीचं सांगत होतं. जोतिबा खोटं बोलणारा नव्हता, पण माणूस खरं बोलूनही चुकू शकतो. त्यानं पोरं आत जाताना पाहिली होती. मशीन दाराच्या आड होतं. त्यानं मशीन पाहिलं होतं का?

भामाबाईच्या गाडीवर तिनं चहा घेतला. मशीन ज्या भिंतीवर होतं तिची खिडकी बरोबर गाडीवर उघडत होती. संयोगितानं प्रशांतबद्दल पुन्हा विचारलं. बाईनं तेच सांगितलं. मग तिनं विचारलं, आजची सकाळ रोजच्यापेक्षा काही वेगळी होती का?

भामाबाईनं पातेलं खाली ठेवलं. "येगळं काय न्हाई बघा. उलट आज लय निवांत वाटलं. रोज ते मशीन 'थँक्यू, थँक्यू' करून डोसकं उठवतंय. प्वॉर आलं की थँक्यू, प्वॉर आलं की थँक्यू. आज गप व्हतं."

संयोगिताच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

मशीन प्रत्येक अंगठ्याला बोलायचं. जोतिबाला ते ऐकूच येत नव्हतं, त्यामुळं ते बोललं काय आणि गप्प राहिलं काय, त्याला सारखंच. आज ते बोललं नव्हतं, कारण ते तिथं नव्हतंच. ते काल संध्याकाळीच निघालं होतं, सराव चालू असताना, जोतिबानं दाराला कुलूप लावायच्या आधी. आणि सकाळी सरावाची सगळीच्या सगळी पोरं एकेक करून त्या रिकाम्या भिंतीसमोर गेली, थोडी थांबली आणि बाहेर आली. एकही ओरडलं नाही.

एकानं चोरी केली असती तर दुसऱ्यानं ओरडायला हवं होतं. कुणीच ओरडत नाही, याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतं.

ग्लास ठेवून ती मैदानाकडं धावली. "जोतिबाकाका," ती त्याच्या कानाशी ओरडली, "फावडं आणा. उडीचा खड्डा उकरायचाय."

जोतिबानं तिच्याकडं वेड्यासारखं पाहिलं, पण फावडं आणलं. तिसऱ्या-चौथ्या फावड्यालाच कशाला तरी पातं लागलं. वाळूतून एक घडी घातलेला रेनकोट वर आला. आत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत टॉवेल, आणि टॉवेलात, लहान मूल गुंडाळावं तसं गुंडाळलेलं हजेरीचं मशीन.

६

सभेला जाण्याआधी ती एकदा घाटावर गेली. प्रशांतला बोलावणं येऊन तो निघून गेला होता. पोरं मात्र तिथंच होती, आणि आता कुणी गणितं सोडवत नव्हतं. संयोगितानं कुणाचं नाव घेतलं नाही, आरोपही केला नाही. तिनं फक्त एवढंच सांगितलं की तुम्ही सकाळी हजेरी दिल्याचं सोंग केलंत, त्यामुळं चोरी नंतर झाली असं ठरलं. नंतर तिथं कोण गेलं ते तुम्हाला माहीत नव्हतं. प्रशांतसर गेले होते. साक्षीनं तोंडावर हात घेतला. सभा कुठं आहे ते सांगून संयोगिता निघाली.

पालिकेच्या सभागृहात दादासोंचं भाषण रंगात आलं होतं. प्रशांत खाली बघत उभा होता, वीरधवल पहिल्या रांगेत. मुख्याधिकारी बाईंनी संयोगिताला बोलायला सांगितलं, तेव्हा तिनं आधी ते मशीन टेबलावर ठेवलं. 

मग तिनं एकेक धागा उलगडला. जपून लावलेली टेप, म्हणजे पोरांची काळजी असलेला आतला हात. भामाबाईची निवांत सकाळ, म्हणजे मशीन आदल्या संध्याकाळीच गेलेलं. कुणीच आरडाओरडा केला नाही, म्हणजे काम सगळ्यांचं. न मारलेल्या उड्या, म्हणजे मशीन खड्ड्यात. आणि प्रशांतची कबुली खोटी, कारण त्याला मशीन निघालं कसं हेही माहीत नव्हतं. त्यानं फक्त टेपवरून आपलं पोर ओळखलं होतं.

"पण का?" वीरधवल उभा राहिला. त्याचा आवाज फाटला होता. "माझ्याच पोरांनी माझं मशीन का काढावं? माझीच हजेरी जास्त होती ना?"

उत्तर दारातून आलं. सगळी पोरं आत येत होती, पुढं साक्षी, तिच्या मागं शिवतेज.

"म्हणूनच काढलं, सर," साक्षी म्हणाली.

तिनं अडखळत सांगितलं. पालिकेचा नियम होता, एका पोराची हजेरी एकाच केंद्रात. टेकडीवर अंगठा दिला नाही तर मैदान मिळत नाही. घाटावर मैदान नाही. म्हणून अंगठा टेकडीवर. पण पळून झालं की सगळी घाटावर जायची. मुलाखतीची भीती, घरची भांडणं, नापास झाल्यावरची रात्र, ते सगळं प्रशांतसरांकडं. सरांना हे ठाऊक होतं. आमचं केंद्र रिकामं दिसलं तरी चालेल, मैदान सोडू नका, असं तेच सांगायचे. काल मॅडमनी हजेरी मोजणार म्हटल्यावर पोरांच्या लक्षात आलं की आपलेच अंगठे आपल्या सरांचं केंद्र बंद करणार.

"मशीन म्या काढलं," शिवतेज म्हणाला. "सर अडकतील आसं वाटलं न्हवतं."

दादासो उठून म्हणाले की चोरी ती चोरीच. मुख्याधिकारी बाईंनी त्यांना खाली बसवलं. मशीन परत आलंय, पोलिसांत काही जाणार नाही, आणि त्याबद्दल पोरांनी जोतिबांच्या हाताखाली महिनाभर मैदानाला पाणी मारायचं. मग त्या संयोगिताकडं वळल्या. गुणांचं काय करायचं?

संयोगितानं सकाळपासून याचाच विचार केला होता. "आजचे गुण मी देणार नाही," ती म्हणाली. "पोर कुठं आलं एवढंच मी मोजत होते. आता ते अडचणीत कुणाकडं जातं, तिथून काय घेऊन निघतं, हे पोरांनाच विचारून मोजते. तोवर कुठल्याच केंद्राला कुलूप लावू नका." बाईंनी मान हलवली आणि तसं नोंदवून घ्यायला सांगितलं.

पोरांमध्ये आनंदाची एक लाट उठली, पण ती लगेच विरली, कारण प्रशांत त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला होता आणि तो चिडलेला होता. माझ्यासाठी चोरी केली म्हणून मी खूश व्हायचं का, असं त्यानं विचारलं. त्या म्हाताऱ्या जोतिबाची नोकरी गेली असती, हे कुणाच्या डोक्यात आलं होतं का? कुणाच्याच आलं नव्हतं. आधी त्यांची माफी मागून या, मगच दार उघडेन, असं त्यानं सांगितलं. शिवतेज सगळ्यात आधी निघाला. बाकीची त्याच्या मागं.

सभागृह रिकामं झालं. वीरधवल मात्र जागेवरच बसून होता. संयोगिता बॅग भरत होती; त्याच्या डोळ्यांत काय आहे ते तिला बघवत नव्हतं. शेवटी तो उठून प्रशांतजवळ गेला.

"सकाळी माझ्याकडं कशाला आला होतात?"

 खांद्यावरची पिशवी उघडून प्रशांतनं आतली पोरांच्या नोंदींची वही चाळल्यासारखी केली आणि पिशवी पुन्हा बंद केली.

"केंद्र बंद होणार हे मी धरूनच चाललो होतो," तो म्हणाला. "पोरं तुमच्या ओटीत घालायला आलो होतो. कोण लवकर रडतं, कोण जेवण टाळतं, कुणाच्या बापाशी कसं बोलायचं, एवढं सांगायचं होतं. तुम्ही भेटला नाहीत."

 छातीवरची नावाची पट्टी वीरधवलनं नकळत सरळ केली, मग काढून खिशात टाकली.

"संध्याकाळी सांगा," तो म्हणाला. "मीच येतो घाटावर. पोरांच्यात बसायला जागा असली तर."